हिरामणच्या कानाची चौकशी

हिरामण कोळ्याचे दोन्ही कान लढाईत गेले, हे कातळपाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण गावाला ते कबूल नव्हतं. गावाच्या मते कान गेले ते वेणूबाईमुळं. वेणूबाई म्हणजे हिरामणची बायको, आणि तिचा आवाज देवानं समोरच्या माणसाशी बोलायला घडवलाच नव्हता. तो खाडीपलीकडच्या माणसासाठी होता. बाजारात ती बोंबलाचा भाव सांगायची तो गिऱ्हाइकाबरोबर अर्ध्या तालुक्याला कळायचा. दारात उभं राहून तिनं नुसतं "अवो" म्हटलं की किनाऱ्यावरचे सगळे लग्न झालेले पुरुष दचकून वर बघायचे, आणि ज्याला नवरा म्हणून हाक मारायची तो एकटा खाली मान घालून जाळं विणत बसलेला असायचा. मग शेजारचा अंबाजी हमखास बोलायचा, "बिचाऱ्याचं कान कोनी खाल्लं, ते आयकलात ना?"

वेणूबाई वरवर हसायची. पण खरं सांगायचं तर तिला ते लागायचं, आणि चांगलंच लागायचं. तिनं नवरा धड कानांचा लढाईवर पाठवला होता. तो गोऱ्यांच्या आरमारात तोफेपाशी होता, आणि ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यालगत एक तोफ त्याच्या फार जवळ उडाली. तो घरी परतला त्या दिवशी वेणूबाईनं इतक्या वर्षांचं साठवलेलं सगळं एका दमात बोलून घेतलं, आणि हिरामणनं हसत विचारलं, "काय बोल्लीस?" त्या दिवशी ती चुलीमागं जाऊन रडली होती. आणि गाव म्हणतं कान हिनं खाल्ले! तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. अपंग पेन्शनीचा पैसा नको होता असं नाही, पैसा कोणाला नको असतो? पण त्याआधी हवं होतं ते हे, की सरकारनं एकदा शिक्का मारून सांगावं, कान तोफेनं गेले.

सरकारला मात्र काही घाई नव्हती. अर्ज शेहेचाळीस साली गेला. वर्षभरात देशाची फाळणी झाली आणि कचेरीतून उत्तर आलं, की संबंधित कागद कराचीला राहिले आहेत. माणूस हिंदुस्थानात आणि त्याचे कान पाकिस्तानात, अशी वाटणी झाली. ते कागद परत येईपर्यंत हिरामणचे केस पिकायला लागले. मग कचेरीनं विचारलं, कान कोणता? शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेतलं, दोन्ही. कचेरीनं विचारलं, आधी कोणता गेला? यावर मास्तरही डोकं खाजवत बसले.

एकदा तर मुंबईला बोलावणंच आलं. हिरामण स्वच्छ सदरा घालून कचेरीतल्या बाकावर दिवसभर बसला. शिपायानं दारातून त्याच्या नावाचा तीनदा पुकारा केला. आता पुकारा ऐकू आला असता तर तो तिथं कशाला गेला असता? वेणूबाईला ऐकू आला असता, पण तिला शिपायानं सकाळीच फाटकाबाहेर बसवलं होतं. ती दोन शब्द बोलली आणि आतले कारकून उठून बाहेर आले होते. संध्याकाळी कागदावर शेरा पडला, अर्जदार गैरहजर. त्या शेऱ्यामुळं अर्ज परत पहिल्या टेबलावर गेला.

असं करता करता सत्तावन्न साल उजाडलं, आणि कचेरीनं ठरवलं की आता समक्ष जाऊन चौकशी करायची. ती गुपचूप करायची असा नियम होता. सरकारी माणूस आलाय हे कळलं तर गावोगावचे लोक एकमेकांना लंगडे-आंधळे ठरवतात, हा कचेरीचा अनुभव. म्हणून चौकशी अधिकारी टिपणीस यांनी शिक्का पिशवीत ठेवला, कोट-टोपी घातली, छत्री घेतली आणि भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरून ते किनाऱ्यानं चालत कातळपाड्यात आले. आपण कोण, कुठले, हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. इथंच घोटाळा झाला.

कारण कातळपाडा त्याच आठवड्यात कोट-टोपीवाल्या पाहुण्याची वाट बघत होता. हिरामणच्या पोरीला, कमळला, खाडीपलीकडच्या करंज्याचं स्थळ आलं होतं, आणि मुलाचा मामा मुंबईला गोदीत कारकून होता. तो आधी एकटा येऊन घराची चौकशी करून जाणार असा निरोप होता. आता कोळीवाड्यात एरवी शेजारीपाजारी एकमेकांच्या सात पिढ्या काढतील, पाण्यावरून, जाळ्यावरून, वाळत घातलेल्या सुकटीवरून भांडतील. पण पोरीच्या सोयरिकीची चौकशी करायला कोणी आलं की सगळं गाव त्या घराचं होतं. घरातली खोट बाहेर जाऊ द्यायची नाही. आणि बापाचा बहिरेपणा पोरीत उतरला असेल अशी शंका कोणाला येऊ नये, म्हणून हिरामणचे कान तर झाकायचेच, असं बायकांनी पाणवठ्यावर आधीच ठरवून ठेवलं होतं.

टिपणीसांना पहिली भेटली शेजारची सोनाबाई; अंबाजीही तिथंच उभा होता. वेणूबाई त्या वेळी मासळीची पाटी घेऊन बाजाराला गेली होती. टिपणीसांनी हिरामणचं घर कोणतं विचारलं, माणूस कसा आहे विचारलं, धंदापाणी, व्यसन, अंगात काही खोट, असं एकेक विचारत गेले. सोनाबाईनं कोपरानं अंबाजीला ढोसलं. हे तर मामाच. मग टिपणीसांनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की त्याला ऐकायला कमी येतं असं कानावर आलंय, ते खरं का?

"कमी?" सोनाबाई म्हणाली. "पाव्हनं, पान्याखाली मासलीनं कूस बदलली तरी त्याना आयकू येते. आमी त्याच्याम्होरं कुजबूज पन करत नाय."

टिपणीसांना जरा जास्तच वाटलं. ते म्हणाले, मला तो दुरून दाखवा. हिरामण किनाऱ्यावर त्यांच्याकडं पाठ करून बसला होता. जाळ्याचा दोर त्याच्या मांडीखालून निघून वाळूवरून थेट अंबाजीच्या पायाशी आला होता. आता होडीवर हिरामणला हाक मारायची रीत निराळी होती. वारा, लाटा आणि त्यात त्याचे कान. त्यामुळं बरोबरीचे लोक त्याच्या हातातल्या दोराला हिसका द्यायचे आणि तो वळून बघायचा. अंबाजीनं तोंडानं ऐटीत "हिरामन" अशी हाक मारली आणि त्याच वेळी पायाच्या अंगठ्यात धरून दोर खेचला. हिरामणनं लगेच मान वळवली आणि हात वर केला.

एवढ्या दुरून, तेही वाऱ्याच्या उलट, एका हाकेत! टिपणीसांनी तिथंच उभ्या उभ्या टिपून घेतलं: श्रवणशक्ती उत्तम, अर्ज खोटा. मग सोनाबाईनं त्यांना ओसरीवर बसवून ताजा पापलेट तळून वाढला, आणि टिपणीस पोटावर हात फिरवत रेवसच्या धक्क्याकडं निघाले. खोट्या अर्जाची अकरा वर्षं चाललेली भानगड आपण एका दुपारात निकालात काढली, याचं त्यांना समाधान होतं. पाहुणा खूश होऊन गेला, याचं गावाला समाधान होतं.

वेणूबाई रिकामी पाटी घेऊन आली तेव्हा सोनाबाईनं तिला वाटेतच गाठलं आणि झाली हकिगत रंगवून सांगितली. वेणूबाईलाही आधी बरं वाटलं. पाव्हण्याला मासळी कोणती वाढली, मामा दिसायला कसा, असं ती विचारत होती. सोनाबाई म्हणाली, मामा तसा चांगला, पण फार खोलात शिरणारा. हिरामण लढाईत कोणत्या बोटीवर होता आणि बोटीचं नाव काय, तेसुद्धा विचारलं त्यानं.

वेणूबाईनं पाटी खाली ठेवली. मुलाचा मामा बोटीचं नाव कशाला विचारेल? बोटीचं नाव विचारते ती कचेरी. गेली अकरा वर्षं प्रत्येक कागदात पहिला सवाल तोच होता. आपल्याच माणसांनी, आपल्याच प्रेमापोटी, तिच्या नवऱ्याचे कान सरकारदरबारी दुरुस्त करून टाकले होते. आता सरकारी शिक्का बसणार तो असा, की हा माणूस बहिरा नव्हेच. आणि गाव म्हणणार की बायकोच्या भीतीनं ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

तिनं किनाऱ्यावर जाऊन हिरामणचा हात धरला आणि त्याला ओढत धक्क्याची वाट धरली. कुठं, कशाला, हे त्यानं विचारलं नाही. लढाईवर नेलं तेव्हाही त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मागून सोनाबाई, अंबाजी आणि हळूहळू निम्मा कातळपाडा निघाला. वेणूबाई वाटभर एक अक्षर बोलली नाही. तिला भीती वाटत होती ती वेगळीच. आपला आवाज साहेबाच्या कानावर पडला आणि त्यालाही गावासारखंच वाटलं तर? बहिरेपण खरं, पण कारण बायको, असं लिहून बसला तर? तेव्हा काही झालं तरी आज आवाज काढायचा नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

नशिबानं ओहोटी होती. लाँच पाण्याची वाट बघत लांब उभी होती आणि टिपणीस धक्क्यावर छत्री उघडून बसले होते. वेणूबाई त्यांच्यापुढं जाऊन पदराआडून काहीतरी पुटपुटली.

"बाई, जरा मोठ्यानं बोला," टिपणीस म्हणाले.

वेणूबाईला असं सांगणारा तो जन्मातला पहिला माणूस. अंबाजीला ठसका लागला. शेवटी सोनाबाईनंच पुढं होऊन कबुली दिली, की सायेब, आमी तुमाना मुलाचा मामा समजलो, म्हनून खोटा बोल्लो, नि हाकेबरोबर दोर पन खेचला. टिपणीसांना हे आवडलं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कोणी मामा केलं नव्हतं. त्यातून गावानं आता उलट बाजूनं रेटायला सुरुवात केली. हिरामणला काहीच ऐकू येत नाही म्हणाले, इथवर ठीक होतं. पण भरीला अंबाजी बोलला की डोळेसुद्धा गेलेत, आणि कोणीतरी मागून सांगितलं की एक पायही कामाचा नाही. तो किनाऱ्यानं इतक्या अंतरावरून झपाझप चालत आलेला माणूस.

"दुपारी त्याला पाण्यातले मासे ऐकू येत होते," टिपणीस म्हणाले. "आता मी तुमचं कोणाचंच ऐकणार नाही. मीच बघतो."

त्यांनी हिरामणला धक्क्याच्या टोकाशी नेलं आणि खाडीकडं तोंड करून उभं केलं. त्याच्या हातात दोर नाही, पायाखाली दोर नाही, हे दोनदा वाकून पाहिलं. एव्हाना पाणी भरून लाँच धक्क्याला लागत होती. टिपणीसांनी लाँच चालवणाऱ्या सारंगाला खूण केली आणि भोंगा वाजवायला लावला. तो असा वाजला की धक्क्यावरचे कावळे उडाले, आणि आपणच सांगून वाजवलेल्या भोंग्याला टिपणीस स्वतः दचकले. हिरामण समोरच्या बगळ्याकडं बघत होता. मग अंबाजीला घासलेटचा रिकामा डबा बडवायला दिला. अंबाजीनं तो हौसेनं फुटेस्तोवर बडवला. बगळा उडाला. हिरामणला वाटलं, याला काय झालं?

टिपणीसांनी मघाचं टिपण काढलं आणि त्यावर काट मारायला लेखणी टेकवली. वेणूबाईनं इतका वेळ पदराचा बोळा तोंडात धरला होता. तिला राहवलं नाही. अगदी स्वतःशीच, ओठांतल्या ओठांत ती म्हणाली, "सुटलू गो बाय."

हिरामण गर्रकन मागं वळला. "काय जालं गं?" त्यानं विचारलं.

लेखणी जागच्या जागी थांबली. टिपणीसांनी चष्मा काढून एकदा हिरामणकडं आणि एकदा वेणूबाईकडं बघितलं. अंबाजीला वाटलं, आपणच आता हे सावरलं पाहिजे. तो घाईनं म्हणाला, "सायेब, ते मोजू नका. हिचा आवाज हाय तो मेलेल्याला पन..." आणि मग आपण काय बोलून बसलो ते कळून त्यानं जीभ चावली.

"कसा आहे आवाज?" टिपणीसांनी विचारलं.

ज्याची भीती होती तेच समोर येऊन उभं राहिलं. वेणूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तो अजून तिच्या चेहऱ्याकडंच बघत होता, काळजीनं. लपवालपवीनंच आजचा दिवस नासला होता. आणखी किती लपवायचं? तिनं पदर सोडला, कमरेला खोचला आणि आपल्या खऱ्या आवाजात सांगितलं, "असा हाय, सायेब."

लाँचवरच्या सारंगाला वाटलं निघायची ओरड झाली. त्यानं इंजिन सुरू केलं. टिपणीसांनी उजव्या कानात करंगळी घालून हलवली.

"हा आवाज पहिल्यापासून असाच?"

"जल्मापासून."

"लग्न कधी झालं तुमचं?"

"लढाईवर गेले त्याच्या आदी चार वर्सं," वेणूबाई म्हणाली. आता जे व्हायचं ते होवो.

टिपणीसांनी पिशवीतला गठ्ठा सोडला, बराच वेळ चाळला आणि एका कागदावर बोट ठेवलं. मग ते उठून उभे राहिले आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं बोलले. "आरमारात भरती करताना डॉक्टरनं याचे कान तपासलेत. दोन्ही उत्तम, असं लिहिलंय. म्हणजे चार वर्षं या आवाजाशेजारी राहूनही कान उत्तम होते. ते गेले तोफेनंच. बाईंच्या आवाजाचा यात काडीचाही संबंध नाही. असं मी लिहितोय."

वेणूबाईच्या डोळ्यांना धार लागली. अंबाजी पायाच्या अंगठ्यानं धक्क्याचा दगड टोकरू लागला.

"आता दुसरं," टिपणीस बसत म्हणाले. "भोंगा ऐकू येत नाही, डबा ऐकू येत नाही, पण बायको ओठांत बोलली ते ऐकू येतं. हेही लिहावं लागेल. कानात थोडं शिल्लक आहे, ते फक्त पत्नीच्या आवाजापुरतं." आणि लेखणी चालवता चालवता ते स्वतःशीच म्हणाले, "होतं असं. आमच्याही घरी मला दुसरं काही ऐकू येत नाही."

लाँच गेली. गाव घराकडं वळलं. पेन्शनचा कागद यायला पुढं आणखी दोन पावसाळे गेले, पण आला. करंज्याचा खरा मामा त्याच्या आधीच येऊन गेला, आणि त्याला घरात घेण्यापूर्वी सोनाबाईनं त्याच्या पिशवीत सरकारी शिक्का नाही ना, हे उघडून बघितलं. कमळचं लग्नही झालं. ते सगळं पुढचं. त्या संध्याकाळी वेणूबाईला कशाचीच घाई नव्हती. बायका पुढं जाता जाता एकमेकींना सांगत होत्या, की बघा, जगातला दुसरा आवाज त्याच्या कानात शिरत नाही, हिचा तेवढा शिरतो, सरकारनंच लिहिलं. ज्या तोंडांनी कान खाल्ल्याचं सांगितलं होतं तीच तोंडं हे सांगत होती, आणि वेणूबाई मागं राहून चवीनं ऐकत होती.

गाव थोडं लांब गेल्यावर तिनं हिरामणला थांबवलं. त्याच्यापुढं उभी राहून, ओठ त्याला दिसतील असे हलवत तिनं लाजत विचारलं, "तुमाना माजं आयकू आयलं?"

हिरामणनं तिच्या ओठांकडं नीट बघितलं आणि मान हलवली. "नाय. काय बोल्लेलीस?"

"मंग मागं कशे फिरलाव?"

"वाटभर तुजं तोंड हललं नाय," हिरामण म्हणाला. "आपल्या लग्नापास्नं असं कवा जालं नव्हतं. मना भ्या वाटली, तुना काय जालं म्हनून. उबा राहवला नाय, म्हनून बगलं."

साहेबाला हे सांगायला हवं, असं वेणूबाईच्या मनात आलं. तिनं खाडीकडं बघितलं. लाँच पार ठिपक्याएवढी झाली होती. अर्थात वेणूबाईनं हाक मारली असती तर ती तिथूनही परत फिरली असती. पण मग ते टिपण बदलणार, अर्ज परत पहिल्या टेबलावर जाणार, आणि कोणीतरी विचारणार, आधी कोणता कान गेला?

तिनं हाक मारली नाही. ती हसली, डोळे पुसले आणि नवऱ्याचा हात धरून चालायला लागली. मग दुपारपासून तुंबलेलं सगळं तिनं बोलायला घेतलं: टिपणीस, अंबाजी, सोनाबाईचा पापलेट, करंज्याचे लोक, सगळं. पुढं गेलेल्या गावाला त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता. हिरामणला एकही येत नव्हता. तो तिच्या हलणाऱ्या तोंडाकडं बघत, मधूनमधून वाळूत ठेचकाळत, सुखानं तिच्याबरोबर चालला होता.